नवे गाणे आणि बटाटेवडा

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या माणसाशी भांडू नये, असा एक संकेत आहे. तोंडात चकली असलेल्या माणसाला नीट उत्तर देता येत नाही, एवढेच त्याचे कारण असावे. हा संकेत मी आज मोडणार आहे. वाचकांनी हातातली करंजी खाली ठेवावी असा माझा आग्रह नाही. पण पुढे जे लिहिले आहे ते त्यांच्याविषयी आहे, आणि माझ्याविषयीही आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

मराठी भावगीताला वाईट दिवस आले, अशी ओरड दर दिवाळीला ऐकू येते. माझे म्हणणे एवढेच, की या खटल्यात आपण आरोपी चुकीचा पकडला आहे. कवी नव्हे, संगीतकार नव्हे, आणि तो बिचारा कीबोर्डवाला तर नव्हेच नव्हे. खरा आरोपी पहिल्या रांगेत झब्बा घालून, कानामागे अत्तराचा फाया ठेवून बसलेला आहे. त्याचे नाव रसिक.

ठाण्याला राहा, कल्याणला राहा, की आमच्या डोंबिवलीला राहा. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की माणसे घराबाहेर पडतात. ठाण्यात तलावपाळीवर आणि राममारुती रोडवर तरुणांची झुंबड उडते, डोंबिवलीत ती फडके रोडवर उडते. त्या झुंबडीला गाणे ऐकू येत नाही आणि ऐकायचेही नसते. तिला नवे कपडे दाखवायचे असतात, आणि त्या वयात ते योग्यच आहे. गाणे ऐकणारी मंडळी आत मांडवात किंवा नाट्यगृहात असतात. गेली कित्येक वर्षे मी या पहाटांना जातो आहे. कार्यक्रमाचे नाव दर वर्षी बदलते. त्यात 'स्वर' किंवा 'दीप' यांपैकी एक शब्द असला म्हणजे झाले. गाणी मात्र तीच, आणि बहुतेक त्याच क्रमाने. एक भूपाळी, दोन अभंग, एक नाट्यगीत, मग निवेदकाचा विनोद (तोही गेल्या वर्षीचाच), मग आमच्या तरुणपणाची चार भावगीते आणि शेवटी भैरवी. आम्ही माना डोलावतो. पुढची ओळ गायकाच्या आधी आम्हीच म्हणतो. हरदास मूळ पदावर येईपर्यंत आम्हांला धीर निघत नाही, आणि हरदासही आता मूळ पद सोडून कुठे जात नाही.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. एकट्या पहाटेत काही वाईट नाही. सणाला पुरणपोळीच हवी, तिथे नवा पदार्थ करून पाहू नये, हे मला मान्य आहे. पण आमची सगळीच गाणी आता सणाची झाली आहेत. वर्षाचे तीनशेपासष्ट दिवस पुरणपोळी खाणाऱ्या माणसाची जी प्रकृती होते, ती आमच्या कानांची झाली आहे.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर महिन्यातून एकदा, शेवटच्या रविवारी, आम्ही सातआठ जण जमतो. मंडळाला नाव नाही, घटना नाही, वर्गणी फक्त चहाची. कोणी एखादी जुनी तबकडी आणतो, कोणी कॅसेट, कोणी फोनवरच काही ऐकवतो, आणि मग वाद होतो. वादासाठीच जमतो असे म्हटले तरी चालेल. आमच्यात जे सर्वांत वडील, ते शाळामास्तर होते. अरुण दाते यांचा आवाज, मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे किंवा यशवंत देव यांची चाल: मास्तरांच्या मते मराठी भावगीत तिथे पूर्ण झाले आणि दप्तर बंद झाले. दुसरे आहेत ते बँकवाले. वय पन्नाशीच्या आतबाहेर. 1998 साली मिलिंद इंगळे आणि कवी सौमित्र यांचा 'गारवा' आला तेव्हा हे कॉलेजात होते, पावसात भिजत होते आणि बहुधा कोणाच्या तरी प्रेमातही होते. त्यांचे मराठी संगीत 1998 मध्ये सुरू होते आणि त्याच पावसाळ्यात संपते. तिसरा आमच्यातला सर्वांत लहान, चाळिशी नुकतीच ओलांडलेला. सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांचा 'आयुष्यावर बोलू काही' 2003 साली सुरू झाला तेव्हा हा विशीत होता. त्याची त्या दोघांवर एवढी निष्ठा, की त्यांचे नवे काही आले की सर्वांत आधी नाक मुरडतो तो हाच. 'पहिल्यासारखं राहिलं नाही,' असे म्हणतो. ऐकले का, असे विचारले तर म्हणतो, 'अर्धं ऐकलं.'

हे 'अर्धं ऐकलं' मला फार अर्थपूर्ण वाटते. जुन्या गाण्याविषयी मत देताना आम्ही ते तीनशे वेळा ऐकलेले असते. नव्याविषयी मत द्यायला अर्धी वेळ पुरते. आणि निकालाची भाषाही ठरलेली आहे: 'तो राम राहिला नाही.' मास्तरांनी हे 'गारवा'विषयी म्हटले, बँकवाल्यांनी ते 'आयुष्यावर बोलू काही'विषयी म्हटले, आणि हे दोघे कवी आहेत की गवई, असेही वर विचारले. आता तो चाळिशीतला गृहस्थ पुढच्या पोरांविषयी तेच म्हणतो. राम एकदाच जातो असे नाही. दर वीस वर्षांनी जातो, आणि ज्याच्या त्याच्या विसाव्या वर्षानंतर लगेच जातो, ही यातली गंमत आहे. आम्ही गाण्याची बाजू घेऊन भांडत नसतो. आमच्या विशीची बाजू घेऊन भांडत असतो. तिच्यावर कोणी हक्क सांगत नाही, तरी आम्ही दारात काठी घेऊन बसलेलो!

माझीही विशी होती. ती कोणत्या गाण्यांत अडकली आहे ते सांगत नाही. नाहीतर मास्तर पुढच्या रविवारी चहा देणार नाहीत.

आता रसिकांच्या बाजूने जे बोलले जाते ते पाहू. पहिले म्हणणे असे, की पूर्वीची गाणी चांगली होती आणि आताची वाईट आहेत. पूर्वीची सगळी गाणी आपण ऐकतो कुठे? पूर्वी जेवढ्या तबकड्या निघाल्या, त्यांतल्या बहुतेक विस्मृतीत गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा त्याच लायकीच्या होत्या. काळाने सूप घेऊन पाखडले, फोलपट उडाले, दाणे राहिले. ते दाणे एका हातात घ्यायचे, आणि दुसऱ्या हातात आजचे न पाखडलेले धान्य घ्यायचे, आणि म्हणायचे की पाहा, यात किती खडे! घरातली म्हातारी बाईसुद्धा असा हिशेब करणार नाही. आणि पाखडायचे काम कोणाचे? ऐकणाऱ्याचेच. आम्ही सूप हातातच घेत नाही.

1955 साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. सीताकांत लाड यांची योजना, गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांची चाल. वर्षभर, दर आठवड्याला एक, अशी एकूण छप्पन्न गीते झाली. या आकड्याकडे जरा नीट पाहा. छप्पन्न गाणी, आणि प्रसारणाच्या दिवशी प्रत्येक गाणे कोरे करकरीत. ते आधी कोणी ऐकलेले नव्हते, गुणगुणलेले नव्हते, त्याच्यावर कोणाचे पहिले प्रेम बसलेले नव्हते. तरी लोक रेडिओला हार घालून बसत, असे सांगतात. माझे वडील तेव्हा कल्याणला एका चाळीत राहत. चाळीत रेडिओ एकाच घरी. त्या घराच्या ओटीवर जाऊन ते ऐकत, आणि घरी आल्यावर चाल आठवून आठवून आईला म्हणून दाखवत. आठवड्याने पुन्हा नवे. आज आपण गीतरामायणाला जुने सोने म्हणतो. पण त्या ओटीवर बसलेल्या माणसांनी ते सोने नवे असताना ऐकले, म्हणून तर ते आमच्यापर्यंत आले. 'बाबूजी, मागचंच पुन्हा होऊ द्या' अशी चिठ्ठी त्यांना रेडिओत टाकता आली नाही, हे मराठी संगीताचे भाग्य.

दुसरे म्हणणे यंत्राचे. मास्तर म्हणतात, कीबोर्ड आला आणि संगीत बुडाले. सिंथेसायझर म्हणजे प्लास्टिकची बासरी, पत्र्याची सतार, विजेच्या तारेतून काढलेला टाहो. हे म्हणताना मास्तरांच्या पुढ्यात पेटी असते, ही गोष्ट मी दर वेळी त्यांच्या नजरेला आणून देतो.

कारण पेटी तरी आमची कुठली? हार्मोनियमचा मुख्य अधिकारपत्रधारक अलेक्झांडर दबेन हा पॅरिसचा, वर्ष 1842. तिच्या पोटातल्या पट्ट्यांतून मींड निघत नाही, श्रुती तिला कळत नाहीत, ती गायकीचा घात करते, असे आक्षेप विद्वानांनी घेतले आणि ते सगळे खरे होते. 1940 साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढले. रवींद्रनाथांसारख्या माणसाने त्या बंदीला दुजोरा दिला. 1971 पर्यंत ती बंदी पुरती उठली नव्हती. म्हणजे गीतरामायण रेडिओवर गाजत होते त्या वर्षी पेटीला रेडिओत प्रवेश नव्हता. आणि पुढे बाबूजी तेच गीतरामायण रंगमंचावर गाऊ लागले ते पेटी समोर घेऊन! आज आमच्या एकाही भजनी मंडळाला, एकाही आरतीला पेटीवाचून सूर सापडत नाही. आमच्या लोकलच्या डब्यात सकाळचे भजन चालायचे तेव्हा टाळ होते, मृदंग होता. पेटी गर्दीत मावत नाही याचीच सगळ्यांना हळहळ. आणि ज्याला आम्ही अस्सल मराठी ठेवा म्हणतो, ते नाट्यसंगीत? गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला तिरखवाँसाहेबांचा तबला होता, कादरबक्षांची सारंगी होती, आणि पायाने भाता मारायचा विलायती ऑर्गन होता. त्या ऑर्गनच्या सुराशिवाय नांदी झाली तर आजही मास्तरांना चुकल्याचुकल्यासारखे होते. परके वाद्य आमचे व्हायला काय लागते? त्याच्यावर दोन पिढ्यांनी गाणे म्हणावे लागते, बस्स.

विजेचे वाद्य तर मास्तरांच्या बालपणीच घरात शिरले आहे आणि त्यांना पत्ताही नाही. 1954 साली 'नागिन' चित्रपट आला. संगीत हेमंतकुमारांचे. त्यातली पुंगी ऐकून थिएटरात खरे साप येतात अशा वावड्या उठल्या होत्या, असे मोठी माणसे सांगत. ती पुंगी पुंगी नव्हतीच. ते होते क्लॅव्हिओलिन, 1947 साली एका फ्रेंच माणसाने काढलेले विजेवर चालणारे छोटे वाद्य. आणि ते वाजवले होते कल्याणजींनी, पुढे जे कल्याणजी-आनंदजी म्हणून प्रसिद्ध झाले त्यांतल्या थोरल्यांनी. आज आमच्याकडे कल्याण-शीळ रस्त्याकडच्या गावांत हळद असो की वरात असो, बेंजो पार्टीने ती धून उचलली की तोंडात रुमाल धरून लोटांगण घालणारा एक तरी पाहुणा निघतोच. भारतातला सर्वांत अस्सल देशी समजला जाणारा सूर असा विजेच्या बटणातून निघालेला आहे. गारुड्यांनीही नंतर तीच धून पुंगीवर बसवली. मास्तरांना हे मी सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'ते सिनेमाचं झालं.'

मग मी त्यांना चरणजित सिंगांची गोष्ट सांगितली. हे मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांतले वादक. 1982 साली त्यांनी जपानी बनावटीची तीन यंत्रे जोडली: एक सुरांचे, एक खर्जाचे, एक तालाचे, आणि त्यांच्यावर भैरव, ललित, तोडी, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एक लाँग प्लेइंग तबकडी काढली. एच.एम.व्ही.ने ती बाजारात आणली आणि बाजाराने तिच्याकडे पाठ फिरवली. रागदारीवाले म्हणाले हे राग नव्हेत. डिस्कोवाले म्हणाले हा नाच नव्हे. तबकडी धूळ खात पडली. पुढे काही वर्षांनी अमेरिकेत शिकागोला त्याच खर्जाच्या यंत्रावर तरुणांनी एक नवीनच नृत्यसंगीत उभे केले, जगभर गाजले. आणि 2010 साली हॉलंडमधल्या एका कंपनीने ती जुनी मुंबईची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा तिकडचे जाणकार थक्क झाले: हे तर या गृहस्थाने आमच्या आधीच करून ठेवले आहे! सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाला युरोपात बोलावणी आली, हजारो पोरे त्याच्या भैरवावर नाचली. 2015 साली ते मुंबईतच वारले. इथे त्यांच्या हयातीत कितीजणांनी ती तबकडी ऐकली होती? आपल्या घरातले नवे परक्याने येऊन दाखवले म्हणजे आपल्याला दिसते, ही खोड काही संगीतापुरतीच नाही. पण तो विषय मोठा आहे आणि फराळ गार होत नसला तरी चहा होतो.

यंत्राविरुद्धचा एक मुद्दा मात्र मी मान करून ऐकतो, आणि तो मास्तर कधीच मांडत नाहीत. यंत्राने माणसे घरी बसवली. एके काळी मुंबईच्या स्टुडिओंत एका गाण्याला पन्नास-साठ वादक असत. गोव्याहून आलेली व्हायोलिनवाली घराणीच्या घराणी त्यावर जगली. मग एकच माणूस बोटाच्या टोकावर व्हायोलिने, बासऱ्या, सतारी सगळे काढू लागला आणि ती माणसे एकेक करून घरी गेली. हे दुःख खरे आहे. पण ते कोणी घडवले? वाजवणाऱ्याने नव्हे. ज्याला आठ वादकांचे पैसे द्यायचे नव्हते त्या आयोजकाने, आणि ज्याला तिकीट स्वस्त हवे होते त्या आम्ही.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतो याला कारण आहे. माझा मेहुणा कीबोर्ड वाजवतो.

तो कल्याणला राहतो. वडिलांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्याने रेल्वेत लागावे असे वाटत होते. तो वाद्यवृंदात लागला. तीसएक वर्षे ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, कधी नाशिक, कधी रत्नागिरी, असा पाठीवर ती लांबट काळी पिशवी घेऊन फिरतो आहे. लोकलच्या सामानाच्या डब्यात पाट्या आणि मासळीच्या टोपल्यांत उभा राहून जातो, कारण ती पिशवी दुसऱ्या डब्यात कोणी चढू देत नाही. रंगमंचावर तो कोपऱ्यात असतो. जुन्या गाण्यातला सतारीचा तुकडा, मेंडोलिनचा तुकडा, बासरीचा तुकडा, मूळ तबकडीत जसा आहे तसाच्या तसा त्याने वाजवायचा. एक स्वर इकडचा तिकडे झाला की पहिल्या रांगेतून 'च्' असा आवाज येतो. तो आवाज मीही केलेला आहे. तीस वर्षे दुसऱ्यांचे तुकडे जसेच्या तसे वाजवणे म्हणजे काय, याचा विचार मी कधी केला नव्हता. नक्कल करणाऱ्या मुलाला आपण शाळेत छडी मारतो आणि नाट्यगृहात टाळी देतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तो ज्या गायकांना साथ करतो (नाव देत नाही, मोठे आहेत आणि सज्जन आहेत) त्यांनी पुष्कळ वर्षांनी नवी गाणी केली. त्यांतल्या एका गाण्याची चाल माझ्या मेहुण्याची होती. त्याने घरी कोणाला सांगितले नव्हते. माझ्या बायकोलाही नाही. ती त्याची थोरली बहीण. फक्त 'या वेळी या, पास ठेवले आहेत,' असा फोन केला. ठाण्याच्या एका नाट्यगृहात कार्यक्रम होता. आम्ही गेलो.

मध्यंतराच्या जरा आधी गायक म्हणाले, 'आता एक नवीन गाणं.' हे वाक्य उच्चारल्याबरोबर नाट्यगृहात जे होते ते तुम्ही सर्वांनी पाहिलेले आहे. खुर्च्यांच्या कड्या खटखट वाजू लागतात. मध्यंतराची गर्दी व्हायच्या आत वडा मिळावा म्हणून शहाणी माणसे उठतात. अर्धी रांग उठली की उरलेल्या अर्ध्या रांगेला पाय आखडून घ्यावे लागतात आणि ती गाणे ऐकत नाही, पाय सांभाळते. मी उठलो नाही. मी त्याहून वाईट केले. खिशातले पेन काढले, तिकिटाच्या पाठीमागे एका जुन्या गाण्याचे नाव लिहिले, 'कृपया' असा सभ्य शब्द वर घातला, आणि चिठ्ठी पुढे सरकवली. हातोहात ती रंगमंचावर पोचली. गायकांनी एक कडवे संपवून चिठ्ठी वाचली, हसले, सभागृहाकडे पाहिले, आणि त्यांना काय दिसले असेल ते त्यांनाच ठाऊक. 'रसिकांची आज्ञा,' असे म्हणून त्यांनी नवे गाणे तिथेच थांबवले आणि जुने उचलले. टाळ्या पडल्या. उठलेली माणसे दारातून परत फिरली. मेहुण्याने मूळ तबकडीतला सतारीचा तुकडा जसाच्या तसा वाजवला. एकही स्वर चुकला नाही.

परत येताना ठाण्याहून स्लो लोकल मिळाली. रात्र फार झाली होती, म्हणून पिशवी घेऊन तो आमच्याच डब्यात चढला. बायकोने विचारले, 'ते मधलं नवं गाणं कोणाचं रे?' तेव्हा त्याने सांगितले. मुंब्र्यापर्यंत कोणी बोलले नाही. चिठ्ठी माझी होती हे त्याला माहीत नव्हते, आणि मी सांगितले नाही. दिव्याला गर्दी उतरली तेव्हा तो म्हणाला, 'भावजी, वडा तरी बरा होता का?'

तेव्हापासून मी रसिक हा शब्द जपून वापरतो. इंदूरचे रामूभैया दाते, अरुण दात्यांचे वडील, यांना लोक रसिकाग्रणी म्हणत. त्यांनी नुसते ऐकले, आणि त्या ऐकण्यावर त्यांचे एवढे मोठे नाव झाले. अशा माणसापुढे गवई नवी चीज काढायला धजत असे. आमच्यापुढे कोणी धजत नाही. आम्हांला गवई भितो, कारण आम्ही तिकीट काढलेले असते. हे रसिकांचे तिसरे म्हणणे: पैसे आम्ही देतो, तेव्हा हवे ते ऐकू. बरोबर आहे. पैसे तुम्ही वड्याचेही देता. पण आत जाऊन वडेवाल्याला झारा कसा धरावा हे सांगत नाही.

आणि पैशाचीच गोष्ट निघाली तर तीही सरळ पाहू. जुने गाणे हे कंपनीला फुकटचे आहे. ते कधीच ध्वनिमुद्रित झाले, त्याचा खर्च केव्हाच वसूल झाला. 2017 साली जुन्या रेडिओच्या आकाराचा एक डबा बाजारात आला, आत पाच हजार जुनी हिंदी गाणी भरलेला. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. मुलांनी दिवाळीला आईवडिलांना तो भेट द्यायचा, अशी चालच पडली. मलाही मिळाला आहे. मुलगा पुण्याला असतो. डबा चांगला आहे, बटण मोठे आहे, चष्म्याशिवाय दिसते. पण तो हातात घेतला तेव्हा मला वाटले, आपल्याला कोणी तरी अत्यंत प्रेमाने एका खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आहे. आणि कडी घालायला सांगितली ती मीच.

परंपरेचे काय, असे मास्तर विचारतात. त्याला उत्तर त्यांच्याच गावात आहे. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा आता गावोगाव निघते. नऊवारी नेसून फेटे बांधलेल्या मुली, ढोल, चित्ररथ. लहान मुलांना वाटते, शिवाजीमहाराजांच्या काळापासून हे चालत आले असावे. ती सुरू झाली डोंबिवलीत, 1999 साली, गणेशमंदिराच्या पुढाकाराने. मास्तर पहिल्या वर्षी त्यात चालले होते. ते तेव्हा नवे होते, मास्तरांनी त्याला अर्धे पाहून नाव ठेवले नाही, चालून पाहिले. 'गारवा'हून एक वर्षाने लहान असलेली गोष्ट मास्तरांची परंपरा होते, आणि 'गारवा' मात्र अजून उपरा!

गेल्या महिन्यात गच्चीवर मी ठराव मांडला. आमच्या सोसायटीच्या पहाटेला या वर्षी दोन गाणी अगदी नवी असावीत, कोणीही न ऐकलेली, ती चालू असताना दारे बंद, फर्माईशीच्या चिठ्ठ्या बंद, चहावडा नंतर. आणि प्रत्येक नवे गाणे लागोपाठ दोनदा म्हणावे, कारण पहिल्यांदा ऐकताना माणूस फक्त नवेपणाशी भांडत असतो, ऐकतो दुसऱ्यांदा. बँकवाले म्हणाले, लोक उठून जातील. मी म्हटले, दारे बंद आहेत. धाकटा म्हणाला, लहान मुलांचे काय? मुलांना अडचण नसते, त्यांना सगळीच गाणी नवी असतात. मास्तर बराच वेळ काठीशी चाळा करत होते. शेवटी तडजोड झाली: दोन नाही, एक, सातव्या क्रमांकावर, दारे लोटलेली, पण कडी नाही, आणि दोनदा म्हणण्याचा निर्णय त्या वेळचा रंग पाहून.

गाणे कोणाचे, हे मी सुचवले. ते ठाण्याला अर्धे राहिलेले गाणे माझ्या डोक्यात आहे. एक कडवे मला पाठ आहे, पुढचे कोणीच ऐकलेले नाही. त्याच रात्री मेहुण्याला फोन केला आणि आधी चिठ्ठीचे सांगितले. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मागे कुठे तरी कुकरची शिट्टी झाली. मग तो म्हणाला, 'ते गाणं मी आता बदललंय, भावजी. मधला तुकडा वेगळा केलाय.' मी म्हटले, तेच म्हण. पुन्हा थोडा वेळ गेला. 'कीबोर्ड चालेल ना तुमच्या मास्तरांना?' त्याने विचारले.

मास्तरांना मी अजून विचारलेले नाही. त्याने अजून होकार दिलेला नाही.